मावशीला पक्षादेश आलाय : ठराव तिचाच, आणि तोच तिने दप्तरी दाखल करायचा?

डीटीपीवाली
सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहितेय, कारण घरात विचारण्यासारखं कोणी उरलेलं नाही. प्रत्येकाने आपापली बाजू धरलीय आणि जेवताना कोणी कोणाशी धड बोलत नाही.

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, पोरांचे प्रकल्प, निवडणुकीत पत्रकं. माझी सख्खी मावशी जानेवारीत पहिल्यांदाच नगरसेविका म्हणून निवडून आली. प्रभाग सांगत नाही, पक्षही सांगत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी मेहेरबानी करून इथे नाव लिहू नये. मावशीने बालवाडीत सत्तावीस वर्षं काढली आहेत. तिची सगळी पत्रं मीच टाइप करते, त्यामुळे यातलं प्रत्येक अक्षर माझ्या हाताखालून गेलंय.

झालं असं की प्रचारात एका पुलाखाली ती तृतीयपंथीयांच्या घोळक्यापाशी थांबली. मी पत्रकांची पिशवी घेऊन मागे उभी. त्यांच्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "मत देऊ ताई, पण आम्ही जायचं कुठं तेवढं सांगा." मावशी म्हणाली, "शाळेत जायचं, खोली क्रमांक चार." तर सगळ्या हसायला लागल्या. "मतदानाला नाही हो. संडासला!"

मावशीलाही हसू आलं, पण घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. पुरुषांच्या बाजूला गेलं तर तिथे काय होतं हे त्यांनी तिला सांगितलं होतं, ते मी लिहीत नाही. बायकांच्या बाजूला गेलं की आतल्या बायका ओरडतात. म्हणून पहाटे पाचच्या आत पेट्रोल पंपावर उरकायचं आणि दिवसभर पाणी कमी प्यायचं. त्या बाईला दोनदा मूतखडा झालाय.

आमच्या प्रभागातलं एक जुनं स्वच्छतागृह पाडून नवीन बांधायचं ठरलेलं आहेच. मावशीने ठराव दिला की त्यातच रस्त्याच्या अंगाने स्वतंत्र दार असलेली दोन युनिटं तृतीयपंथीयांसाठी असावीत. लागेल तो जादा खर्च तिच्या 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकाच्या हातातल्या निधीतून. चौदा ओळींचा ठराव. अनुमोदक म्हणून शेजारच्या प्रभागातल्या, तिच्याच पक्षाच्या ताई. त्यांनी सही केली आणि आता फोन उचलत नाहीत.

पुढे पक्षाच्या शहर कार्यालयातून फोन आला. विषय चांगला आहे, पण आत्ता नको. मग दुसरा फोन, त्यांची मतं किती. मग तिसरा, यातून महिलांची नाराजी होईल, आपल्याच महिला आघाडीचा विरोध आहे. आणि शनिवारी संध्याकाळी एक मुलगा पाकीट घेऊन आला. पक्षादेश, म्हणजे व्हिप. मुख्य सभेत विषय पुकारला की सूचकानेच तो दप्तरी दाखल करण्याची, म्हणजे गुंडाळून ठेवण्याची, सूचना मांडावी आणि सर्व सदस्यांनी तिच्या बाजूने मतदान करावं. मावशीने पोच म्हणून सही करायला घेतली तर पेन उठेना. मुलगा म्हणाला, "माझं घ्या." एवढंच त्या दोघांत बोलणं झालं.

(धंद्याची खोड म्हणून सांगते. पत्र श्रीलिपीत टाइप करून युनिकोडमध्ये नेलेलं होतं, दोन ठिकाणी रफार तुटला होता. आणि 'तृतियपंथी' असं ऱ्हस्व लिहिलेलं, पाचही वेळा.)

काका म्हणतात, पहिलीच टर्म आहे, ऐक आणि गप्प बस. मावसभाऊ राज्यशास्त्र शिकतो. त्याचं म्हणणं, ब्रिटनमध्ये अशाच विषयावरून खासदारांनी पक्षाला तोंडावर सुनावलंय, तूही सुनाव, फार तर अपक्ष बस. मावशी मेथी निवडत बसते.

आणि तिला स्वतःलाही शंका आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्या बचत गटातल्या बायका घरी आल्या होत्या. त्यातली एक धुणीभांडी करते, तिची मुलगी चौदा वर्षांची. ती म्हणाली, "ताई, आज बाजूला दोन खोल्या देताय, उद्या कोणीही साडी नेसून आमच्या बाजूला आला तर?" मावशीने तिला वेड्यात काढलं नाही. चहा दिला आणि म्हणाली, मला विचार करू दे.

तर माझा प्रश्न असा. तिने पक्षादेशाच्या विरोधात मत दिलं तर नगरसेवकपद जातं का? गैरहजर राहिली तर चालतं का? आणि ते ब्रिटनचं उदाहरण इथे कितपत लागू होतं? मुख्य सभा पुढच्या गुरुवारी आहे.

---

खड्डेग्रस्त
सोमवार, रात्री ११.५८

आमच्या गल्लीत ड्रेनेजचं झाकण तीन महिने उघडं आहे. त्याचाही ठराव करा म्हणावं मावशींना. बाकी चालू द्या.

---

निवृत्त_पोच
मंगळवार, सकाळी ६.१५

डीटीपीवाली ताई, मी अशाच एका कार्यालयात तीस वर्षं सभांचे कार्यवृत्तांत लिहिले. सभागृहात कोण काय बोललं यापेक्षा कोण कोणत्या क्षणी पाणी प्यायला बाहेर गेलं, हे मला जास्त आठवतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आधी कायदा सांगतो.

तुमचा मावसभाऊ जे म्हणतो ते इथे चालत नाही. आपल्याकडे १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, दहावी अनुसूची आली. ती खासदार-आमदारांसाठी. नगरसेवकांसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. गाभा दोन्हींचा एकच. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानापासून दूर राहिलं, त्याची आधी परवानगी घेतली नाही, आणि पक्षाने पंधरा दिवसांच्या आत ते माफ केलं नाही, तर पद जाऊ शकतं. म्हणजे गैरहजेरी हा पळवाटेचा रस्ता नाही. लोकांना वाटतं तसा तटस्थ राहणं हाही नाही.

'फार तर अपक्ष बस' हे तर विसराच. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याने स्वतःहून पक्ष सोडला की पदही सुटतं. त्यासाठी राजीनामा लिहून द्यावाच लागतो असंही नाही. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वागण्यावरूनही पक्ष सोडला असं धरता येतं. तेव्हा मावशींना सांगा, तावातावाने पत्रकार परिषद वगैरे घेऊ नका.

आता दुसरी बाजू. आदेश लागतो मताला. मत पडलं तर. सभेत शंभर विषय येतात, त्यातल्या पाचांवर तरी मतदान होतं का? बाकीचे 'मान्य, मान्य' करत जातात. तुमच्या विषयावर मतदानाची वेळच आली नाही, तर आदेश मोडला असं म्हणायला जागा उरत नाही. दप्तरी दाखल म्हणजे विषय मेला. पण विषय मारायचे आणि विषय जगवायचे प्रकार सभागृहात पुष्कळ आहेत. 'आयुक्तांच्या अभिप्रायासाठी पाठवावा' हा त्यातला सगळ्यात सभ्य प्रकार. प्रशासनाचा अभिप्राय येईपर्यंत विषय जिवंत राहतो, कोणाचं नाक कापलं जात नाही. ही सूचना मावशींनी मांडू नये, दुसऱ्या कोणीतरी मांडावी. शक्यतो गटनेत्यानेच. त्याला ती स्वतःची कल्पना वाटली पाहिजे.

शिवाय सदस्याला प्रशासनाला लेखी प्रश्न विचारता येतो, त्याला पक्षाची परवानगी लागत नाही. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं किती, त्यातली किती तृतीयपंथीयांना वापरता येतात, वापरता येत नसतील तर का. उत्तर काय येईल ते आपल्याला माहीत आहे. पण ते कागदावर सहीनिशी येईल. कागद फार दिवस जगतो, आमच्या कार्यालयातल्या बऱ्याच माणसांपेक्षा.

एक गोष्ट ओघात सांगतो, कारण मला ती फार आवडते. २४ एप्रिल २०१५, शुक्रवार दुपार, राज्यसभा. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची, येतात आणि सभागृह अर्धं रिकामं असतं. द्रमुकचे तिरुची शिवा यांनी तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक आणलेलं. रिवाज असा की मंत्री म्हणतात सरकार बघेल, आणि सदस्य विधेयक मागे घेतो. मंत्र्यांनी तसं म्हटलं. शिवांनी मागे घेतलं नाही. आवाजी मतदानाने मंजूर झालं! खासगी विधेयक एखाद्या सभागृहात मंजूर होणं ही दशकानुदशकांत न घडणारी गोष्ट. पुढे लोकसभेत ते अडकलं, सरकारने स्वतःचं आणलं आणि त्याचा २०१९ चा कायदा झाला, तो भाग वेगळा. पण तो 'मागे घेत नाही' म्हणण्याचा क्षण मी नातवाला दोनदा सांगितलाय.

त्यांना ते करता आलं कारण त्यांचा पक्ष त्यांच्या पाठीशी होता. मावशींचा नाही. हा फरक लक्षात ठेवा.

---

लीथची वाट
मंगळवार, दुपारी ४.०५

मूळची कर्वेनगरची, बारा वर्षं एडिनबरात आहे. मावसभावाने जे ऐकलंय ते बहुधा आमच्याकडचंच असणार, म्हणून लिहिते. पण त्याला आधीच सांगा, इथलं भांडण तुमच्या भांडणाच्या उलट दिशेचं आहे.

इथे स्कॉटिश नॅशनल पार्टीचं सरकार कायद्यात बदल करत होतं. कागदोपत्री लिंग बदलायला डॉक्टरी निदान लागणार नाही, वयाची अट अठरावरून सोळा, आणि वाट पाहायचा काळ कमी. पक्षाची अधिकृत भूमिका बाजूने. ॲश रेगन मंत्री होत्या, त्यांना ते पटलं नाही. २७ ऑक्टोबर २०२२ ला विधेयकावर पहिलं मतदान होतं, त्याच दिवशी त्यांनी मंत्रिपद सोडलं. मंत्रिपद सोडलं, पण आमदारकी कायम. पुढच्या वर्षी पक्ष सोडून त्या आल्बा पक्षात गेल्या, तरीही आमदारकी कायम. विधेयक २२ डिसेंबर २०२२ ला ८६ विरुद्ध ३९ असं मंजूर झालं. सत्ताधारी पक्षातल्याच काहींनी विरोधात मत दिलं, आणि हुजूर पक्षाने आपल्या लोकांना मोकळीक दिली होती तर त्यांच्यातले काही बाजूने गेले. कोणाचीही जागा गेली नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या सरकारने स्कॉटलंड कायद्याचं कलम ३५ वापरून ते विधेयकच अडवलं. १९९८ पासून ते कलम कधी वापरलंच गेलं नव्हतं.

त्याआधी जोॲना चेरी. आमच्याच शहराच्या नैऋत्य भागाच्या खासदार, व्यवसायाने वकील, पक्षाच्या या धोरणावर उघड टीका करणाऱ्या. १ फेब्रुवारी २०२१ ला त्यांना संसदेतल्या पक्षाच्या पुढच्या बाकावरून, म्हणजे प्रवक्तेपदावरून, काढलं. खासदार म्हणून मात्र २०२४ च्या निवडणुकीपर्यंत राहिल्या, आणि ती निवडणूक हरल्या. कँटरबरीच्या रोझी डफील्ड मजूर पक्षाच्या. याच विषयावरून पक्षाशी वर्षानुवर्षं खटके. सप्टेंबर २०२४ मध्ये पक्ष सोडला तेव्हा पत्रात कारणं मात्र दुसरीच होती, वृद्धांचा हिवाळी इंधन भत्ता काढला, नेत्यांनी भेटवस्तू घेतल्या वगैरे. त्याही अपक्ष म्हणून बसल्या.

म्हणजे इथे पक्षाशी भांडलं की मान जातो, पद जातं, मैत्रिणी जातात. जागा जात नाही. निवृत्त_पोच काका म्हणतात ते फारच निराळं आहे, मला हे माहीत नव्हतं.

आता माझं मत. मी इथे बायकांच्या आसरागृहात शनिवारी स्वयंपाकाला जाते. तिथे नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई पुरुषी आवाजानेसुद्धा दचकते, हे मी पाहिलंय. म्हणून चेरीबाईंचं म्हणणं मला पूर्ण टाकाऊ कधीच वाटलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्माने स्त्री, आणि त्याच निकालात हेही सांगितलं की ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण आहेच. आमच्या इमारतीत एक ट्रान्स मुलगी राहते. निकालानंतर दोन आठवडे ती जिन्यात भेटली की खाली बघायची. तेही मला बरं वाटलं नाही. मी तिला साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली, दुसरं काय करणार.

पण डीटीपीवाली, तुझ्या मावशीच्या ठरावात बायकांच्या बाजूचा प्रश्नच कुठे आहे? ती स्वतंत्र दार मागतेय. इथे त्या वादात दोन्हीकडच्या लोकांना ते चाललं असतं असं मी म्हणणार नाही, काहींना वेगळं दार म्हणजेच अपमान वाटतो. पण तुमच्याकडे तो वाद आहे का?

---

जुनी पेठ नवा वाद
मंगळवार, सायंकाळी ७.३०

आहे ना वाद. दाराने सुरुवात होते. उद्या महिला राखीव प्रभागातून हेच लोक उभे राहिले तर? निम्म्या जागा महिलांना मिळायला किती वर्षं गेली. त्यात वाटेकरी कशाला? पक्षाने थोपवलं ते बरोबरच केलं.

---

निवृत्त_पोच
मंगळवार, रात्री ८.१०

पेठकर, तुम्ही 'उद्या' म्हणताय ते होऊन गेलेलं आहे. मध्य प्रदेशात कटनीला २००० साली कमला जान महापौर झाल्या. जागा महिलांसाठी राखीव होती. न्यायालयाने निवडणूक रद्द केली, कायद्याने त्या पुरुष आहेत म्हणून.

त्यानंतर २०१४ चा नाल्सा निकाल आला, आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. आणि मग जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. ग्रामपंचायतीला अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर अर्ज भरला, छाननीत तो फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. एक अट स्पष्ट केली, की एकदा स्त्री म्हणून ओळख सांगितली की पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून फायदे घ्यायला परत फिरता येणार नाही. त्या निवडूनही आल्या. आणि माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ तर त्याच्याही आधीचं. तिथे २०१७ ला गावाने थेट सरपंच निवडला, ज्ञानेश्वर कांबळे, तृतीयपंथी. गावातल्या लोकांना जमलं ते.

निम्म्या जागांत वाटेकरी म्हणाल, तर माझ्या नोकरीत मी महिला राखीव जागांवरचे खरे वाटेकरी पुष्कळ पाहिले. बाई सभागृहात आणि यजमान प्रेक्षक कक्षातून खुणा करतायत. त्यांची कधी कोणी छाननी केली नाही.

---

रात्रपाळी
बुधवार, पहाटे ३.२०

मी स्वतः तृतीयपंथी आहे. सुरक्षारक्षक आहे, बागेत रात्रपाळी करते, आत्ता तिथूनच लिहिते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये आमच्यातल्या लोकांना सुरक्षारक्षक आणि बागकामाला घेतलं, तेव्हापासून इकडे बऱ्याच जणींनी मंगती, म्हणजे मागून खाणं, सोडली. मी कुठे आहे ते नाही सांगणार, नोकरी ठेकेदाराकडची आहे.

सगळं वाचलं. लीथताई, वेगळं दार म्हणजे अपमान का, असं तुम्ही विचारलंत. आमच्यातही दोन मतं आहेत. माझी एक चेली कॉलेजला जाते, कागदपत्रं सगळी स्त्री म्हणून केलीत, ती म्हणते मी बायकांच्या बाजूलाच जाणार, मला तिसरा डबा नको. बरोबर आहे तिचं. माझं वय पंचेचाळीस आहे, आवाज असा आहे, मी बायकांच्या बाजूला गेले की आतली पोरगी घाबरते. ती घाबरली की मला लाज वाटते. मला वेगळं दार चालेल. दोघींना एकच नियम लावू नका एवढंच.

ज्या ताईंची मुलगी चौदा वर्षांची आहे, त्यांना माझा निरोप सांगा. मी बारा वर्षांची होते तेव्हा पुरुषांच्या मुतारीत मला काय झालं ते त्यांना सांगितलं तर त्या त्यांच्या मुलीइतकीच माझी काळजी करतील. त्या वाईट नाहीत. त्यांच्या वस्तीत बायकांचं जे आहे त्याचंच दार नीट लागत नसेल, मग त्या घाबरणार नाहीत तर काय करतील.

आणि पेठवाले दादा, निवडणूक राहू द्या. मला रात्री दोन वाजता कुठं जायचं ते सांगा. बागेत स्वच्छतागृह आहे. मीच राखते. पुरुष आणि स्त्री, दोन पाट्या. रात्री कोणी नसतं म्हणून मी जाते. पण आतली कडी तुटलेली आहे. मी एका हाताने दार धरून बसते आणि दुसऱ्या हातात काठी. तीन वेळा सांगितलं, ठेकेदार म्हणतो दिवसा तक्रार करा. दिवसा मी झोपते.

डीटीपीवाली ताई, मावशीबाईंना पद घालवू नका म्हणावं. पद गेलं तर आमचं कोण बोलणार? फक्त नकाशा बघताना एवढं विचारा, दार आतून लागतं का. मोठी मोठी माणसं येतात, फीत कापतात, टाइल्स बघतात. कडी कोणी बघत नाही.

---

डीटीपीवाली
बुधवार, रात्री १०.१५

रात्रपाळी ताई, तुमचं लिहिलेलं मी मावशीला वाचून दाखवलं. मोबाईलवर नाही, प्रिंट काढून, तिला मोठं अक्षर लागतं. तिने तो कागद त्या धुणीभांडी करणाऱ्या ताईंकडे नेला. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, मावशी सांगत नाही. फक्त म्हणाली की त्यांच्या वस्तीतल्या संडासाचंही दार सुतळीने बांधतात.

निवृत्त_पोच काका, तुमच्या सांगण्यावरून मी लेखी प्रश्न टाइप केला, तो आज दुपारी दिला. पोच घेतली. पेन माझं नेलं होतं.

---

डीटीपीवाली
पुढचा शुक्रवार, सकाळी ९.३०

काल सभा झाली. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून लिहिते.

मी प्रेक्षक कक्षात होते. विषय चौतिसावा. दुपारी साडेतीनला पुकारला तेव्हा अर्धं सभागृह कँटीनमध्ये. मावशी उभी राहिली. पक्षादेशाचा कागद तिच्या समोरच होता, वर पाण्याचा ग्लास ठेवलेला. ती म्हणाली, "मी सूचक आहे. मला पक्षाने यावर काय मांडायचं ते सांगितलं आहे. ते मांडण्याआधी दोन मिनिटं बोलते." आणि तिने मूतखड्याचं सांगितलं. पुलाखालचं 'शाळेत जायचं, खोली क्रमांक चार' तेही सांगितलं. लोक हसले. मग ती म्हणाली, "मीही हसले होते." आणि थांबली. बालवाडीत पोरं गप्प व्हायची वाट बघायची तशी.

तेवढ्यात गटनेते उठले आणि म्हणाले की विषय संवेदनशील आहे, तांत्रिक बाजू तपासायला हव्यात, आयुक्तांच्या अभिप्रायासाठी पाठवावा. काका, देवाशपथ सांगते, आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं. म्हणजे मी नव्हतं सांगितलं. मावशीने बुधवारी रात्री कोणालातरी फोन केला होता आणि 'अहो भाऊ, तुम्हीच काहीतरी सुचवा ना' असं म्हणताना मी ऐकलं, तो फोन कोणाला होता ते मी विचारलं नाही.

मान्य, मान्य. मतदान नाही. दप्तरी दाखल करायचं राहिलं ते राहिलंच.

मावसभाऊ नाराज आहे. म्हणतो ही तडजोड झाली, रेगनबाईंनी मंत्रिपदावर पाणी सोडलं. घरातले काका म्हणाले, तिची आमदारकी राहिली होती रे. त्यावर दोघं रात्री उशिरापर्यंत भांडले, पण निदान बोलायला तरी लागले. शहर कार्यालयाने मावशीला बोलावलंय, खुलासा द्यायला. ती दोन मिनिटं बोलली त्याबद्दल. खुलाशाचं पत्र मीच टाइप करणार. 'तृतीयपंथी' दीर्घ लिहिणार, पाचही वेळा.

सभेनंतर ती खालच्या मजल्यावर अभियंत्यांकडे गेली, नव्या स्वच्छतागृहाचा नकाशा मागायला. मी बरोबर होते. त्यांनी मोठा कागद टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांना फाइली ठेवल्या. उजेडाच्या खिडक्या, टाकी, उतार, सगळं दाखवलं. मावशीने चष्मा पुसला आणि विचारलं, "कडी कुठे आहे?"

ते म्हणाले, "मॅडम, कडी नकाशात दाखवत नाहीत."

"मग कुठे दाखवतात?"

त्यांनी एस्टिमेट काढलं. सतरा पानं. तिघं मिळून शोधत होतो. दार होतं, बिजागऱ्या होत्या, हँडल होतं. बाराव्या पानापर्यंत सापडली नव्हती, मग ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. सोमवारी परत बोलावलंय.

---

रात्रपाळी
शुक्रवार, सकाळी १०.०५

आत्ताच घरी आले, झोपायच्या आधी वाचलं. सोमवारी स्टीलची सांगा ताई. ॲल्युमिनियमची महिन्यात वाकते.